खाजनातलं शेत वन्यजीवांसाठी सोडून द्यावं का?

खाजनवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात दुर्भाटच्या बाजूला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. खाली खाजनात (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीत) भातशेत, वर डोंगराच्या उतरणीवर काजू आणि त्यात अधेमधे किंदळाची जुनी झाडं. बाबा होते तोवर खाजनात भात व्हायचं. आता लावणीला माणसं मिळत नाहीत. मी पणजीत नोकरीला, एक बहीण मडगावला, दुसरी पुण्याला. शेत काही वर्षं पड आहे. लव्हाळा माजलाय, पाणी साचून राहतं, बांधाच्या आतल्या अंगाला तिवराची (खारफुटीची) रोपं उभी राहिली आहेत.

गेल्या थंडीत गेलो तर पाण्यावर अडईंचा (रानबदकांचा) मोठा थवा. बांधावर पाणमांजराची विष्ठा, नुसत्या माशांच्या खवल्यांनी आणि कुर्ल्यांच्या कवचांनी भरलेली. बाबांच्या वेळी हे इतकं कधी पाहिल्याचं आठवत नाही.

दलाल फोन करतात. भातशेत बिगरशेतकऱ्याला विकायला २०२३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी 'वाट काढू' म्हणतात. मला विकायचंच नाही. मनात असं आहे की वरची-खालची सगळी जमीन वन्यजीवांसाठी राखून ठेवावी. नांगर नाही, औषध नाही, शिकार नाही. असं कायद्यानं करता येतं का? आणि त्याहून महत्त्वाचं, करावं का? अनुभवी लोकांनी मोकळेपणानं सांगावं.

पक्षीवेडी_मडगाव

पहिल्यांदा अभिनंदन. असा विचार करणारा जमीनमालक दुर्मीळ. जरूर करा!

सत्तरीचो_गडी

दादा, विचार चांगला. पण सरकारी कागदावर जमीन चढवण्याआधी सत्तरीत एक फेरी मारून जा.

१९९९ मध्ये राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्यं जाहीर केली. रान वाचलं, ते मी नाकारत नाही. आज डोंगर हिरवे आहेत ते त्या निर्णयामुळे. पण आत राहणाऱ्यांच्या काजूच्या बागा, घरं, गुरांच्या वाटा यांचे हक्क ठरवायचं काम इतकी वर्षं रेंगाळलं. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन, एक-चौदाच्या (जमिनीच्या सरकारी नोंदीच्या) उताऱ्यावर नाव नाही. अशा माणसाला 'राखीव' हा शब्द ऐकला की धडकी भरते.

२०२० च्या जानेवारीत आमच्याकडे एक वाघीण आणि तिची पिल्लं मेलेली सापडली. विषप्रयोग होता. ज्यांनी केलं त्यांचं समर्थन कुणीच करू नये. पण त्याआधी त्यांची गुरं वाघानं मारली होती आणि घरात दुसरं उत्पन्न नव्हतं, हेही तितकंच खरं. माझ्या काकाची म्हैस गेली तेव्हा पंचनाम्याला माणूस येईपर्यंत सांगाडा उरला होता. जुलै २०२३ मध्ये हायकोर्टानं व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं तेव्हा गावात पहिला प्रश्न वाघाचा नव्हता. 'आमचं काय' हाच होता.

म्हणून सांगतो, मनानं राख, हातानं राख. कागदानं राखायची घाई करू नको.

पेडणेंकार

आमच्याकडे वन्यजीवांना राखीव शेत लागत नाही. रानडुकरं सगळं शेत आपलंच समजतात. आणि तिळारीकडून हत्ती आला तेव्हा त्यानं भात, माड, केळी, कशातच भेदभाव केला नाही.

दोडामार्गकर

@पेडणेंकार, तुमच्याकडे पाहुणा आला, आमच्याकडे २००२ पासून बिऱ्हाडच आहे. 😀

तिळारीला २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, पण ते सरकारी वनजमिनीवर. हत्तीला हद्द कुठे कळते? रात्री तो बागेतच उतरतो. त्यामुळे धागाकर्त्यानं शेजाऱ्यांचाही विचार करावा. तुमच्या जमिनीत जनावर मुक्कामाला येईल आणि जेवायला शेजारी जाईल.

मानशीकार

हा धागा वाचून राहवलं नाही. मी तिसवाडीतला. आमच्या घरात मानस (बांधातलं पाण्याचं दार) सांभाळायचं काम आजोबांपासून. मत परखड आहे, राग मानू नये.

खाजन हे रान नव्हे. सोडून दिलं की ते 'मूळ रूपात' जाईल असं वाटतं, पण त्याचं आजचं रूपच माणसानं घडवलेलं आहे. भरतीच्या पातळीखालची जमीन, बांध घालून समुद्राकडून मागून घेतलेली. तुमच्याच तालुक्यातल्या बांदोड्याला सहाव्या शतकाच्या आसपासचा ताम्रपट मिळाला आहे, त्यात खाजनाचा उल्लेख येतो. इतकी शतकं माणसांनी दर पावसाळ्याआधी बांधावर चिखल चढवला, म्हणून गोव्यात आज सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे.

मानस कशी चालते ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. लाकडी दारं असतात. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं ती आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतात आणि शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत जातं. आतल्या पोंयीत (दाराआतल्या डोहात) सुंगटं (कोळंबी), शेवटे, चणक ही मासळी वाढते. ओहोटीच्या वेळी दाराला जाळं लावायचं. मानशीच्या लिलावाचे जे पैसे येतात त्यातून बांधाची डागडुजी. भात, मासळी आणि बांध अशी एकमेकांत बांधलेली व्यवस्था.

आता तुमचं पड शेत. कुर्ल्या बांधाला भोकं पाडतात. शेतात राबता माणूस रोज बांधावरून जातो, भोक दिसलं की पायानं चिखल दाबतो. पड शेताच्या बांधावर कोण जातो? भोकाची घळ होते, अमावास्येच्या उधाणाला बांध फुटतो, आणि खारं पाणी तुमच्या शेताशी थांबत नाही. अख्खी आंगण (एका बांधाआडची सगळी शेतं) बुडते. एकदा मीठ बसलं की दोन-तीन पावसाळे जमीन धुतल्याशिवाय भात धरत नाही. तुम्ही पक्ष्यांसाठी म्हणून शेत सोडाल आणि खालच्या वाड्यावरची चार घरं शेतीतून उठतील. मग तिथे काय येतं ते गोव्यात सगळ्यांनी पाहिलंय: आधी भराव, मग फलक.

डोंगराचं म्हणाल तर सोडा खुशाल. खाजन सोडू नका.

पक्षीवेडी_मडगाव

@मानशीकार, बांधाबद्दल पटलं. पण 'खाजन म्हणजे रान नव्हे' यावर थोडं भांडायचं आहे.

बांध फुटून तिवर-कांदळ आलेल्या जागाही मी बघते. तिथे खंड्यांच्या जाती आहेत, रातबगळ्यांच्या वसाहती आहेत, आणि पाणमांजरं दिवसा दडतात ती त्याच खारफुटीच्या मुळांत. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ साली झालेलं, ते खारफुटीचंच आहे. पावणेदोन चौरस किलोमीटरच्या जवळपास जागा, पण काय श्रीमंती! खारफुटी म्हणजे वाया गेलेलं शेत, असं म्हणू नये.

मानशीकार

ताई, बांधाच्या बाहेर खारफुटी हवीच. लाटेचा मार तीच झेलते, आम्ही तिला हात लावत नाही. माझं म्हणणं बांधाच्या आतलं आहे. तुम्हीच सांगा, अडई आणि शेकाट्या दाट तिवरात उतरतात का?

पक्षीवेडी_मडगाव

नाही उतरत. हे तुमचं शंभर टक्के खरं. अडई, शेकाट्या, तुतवार, मुग्धबलाक यांना उघडं, उथळ पाणी लागतं. भात कापल्यावर खुंटांत घोटाभर पाणी राहतं ना, त्यात गोगलगाई आणि बारीक मासे असतात. मुग्धबलाक येतात ते मुख्यतः त्या गोगलगाईंसाठी, त्यांची चोचच त्या कामाची आहे. वर दलदली भोवत्या घिरट्या घालत असतो. धागाकर्त्याला दिसलेली अडई ही पड शेताच्या पहिल्या काही वर्षांतली मजा आहे. तिवर डोक्यावर गेलं की ती जागा दुसऱ्या पक्ष्यांची.

म्हणजे प्रश्न असा होतो की कुणासाठी राखायचं. पाणमांजराला दडायला खारफुटी आणि शिकारीला पोंय लागते. अडईला उघडं पाणी. एकाच आंगणीत दोन्ही असतील तर त्याहून चांगलं काही नाही.

वकील_म्हापसा

कायद्याचं थोडं. हा सल्ला नाही, माहिती आहे. कागद बघितल्याशिवाय सल्ला देत नसतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २००२ च्या दुरुस्तीनं दोन नवे प्रकार आले. संवर्धन राखीव क्षेत्र हे सरकारी जमिनीवर, दोडामार्गकरांनी म्हटलं ते. दुसरं सामुदायिक राखीव क्षेत्र, कलम ३६-सी. तिथे खासगी किंवा समाजाच्या मालकीची जमीन मालक स्वेच्छेनं देऊ करतो आणि राज्य सरकार जाहीर करतं. मालकी तुमचीच राहते. व्यवस्थापनाला समिती असते. जमीन खासगी असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार त्या समितीत मालक, वनखात्याचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा प्रतिनिधी. देशातली उदाहरणं: केरळात कडलुंडी-वळ्ळिक्कुन्नू, पंजाबात केशोपूर छंब, कर्नाटकात कोक्करे बेळ्ळूर.

मेख इथे आहे. एकदा जाहीर झालं की जमिनीच्या वापरात बदल करायचा तर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी, दोन्ही लागतात. उद्या तुमच्या मुलाला पुन्हा भात करावंसं वाटलं तर ते एकट्याच्या मर्जीवर नाही. जाहीर होताना 'भातशेती' हाच वापर नोंदला असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे जाणार असाल तर शेती चालू ठेवून जा, पड टाकून नको.

डोंगराबद्दल वेगळी काळजी. गोव्यात खासगी वन ठरवायचे निकष सावंत आणि करापूरकर समित्यांपासून चालत आले आहेत: सलग ५ हेक्टर, ७५ टक्के रानझाडं, ४० टक्के छत्र. तुमचा तुकडा लहान असला तरी शेजारचं रान जोडून असेल तर 'सलग' मध्ये येऊ शकतो. वन ठरलं की १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू. तुम्हाला राखायचंच आहे तर यात भिण्यासारखं काही नाही, पण बहिणींना आधी सांगा.

आणि बहिणींवरूनच. वारसा झालाय का? गोव्याच्या दिवाणी कायद्यात बहिणींबरोबर त्यांच्या नवऱ्यांच्याही सह्या लागू शकतात. इन्व्हेंटरी (वारसांची आणि मालमत्तेची कायदेशीर नोंद-वाटणी) झाली नसेल तर बाकी सगळी चर्चा नंतरची. जमिनीवर कूळ आहे का, तेही बघा. कुळाच्या नावे झालेली जमीन असेल तर १९९१ च्या जमीन वापर कायद्यानं ती शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही.

सत्तरीचो_गडी

@वकील_म्हापसा, हे नीट सांगितलंत. मालक समितीत असतो हे मला माहीत नव्हतं. अभयारण्यापेक्षा हे बरंच वेगळं दिसतं.

कोल्हापूरचा_गणेश

गोव्यात पर्यटक इतके येतात, तर तिथे चार लाकडी खोल्या बांधून पक्षीनिरीक्षण सुरू करा की. जमीनही राखली जाईल, पैसेही येतील.

मानशीकार

गणेशराव, हेतू चांगला आहे, पण खाजनात खोल्या नकोतच. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग होता, त्यात खाजनात विकासकामांना मनाई स्पष्ट लिहिलेली. आणि चार खोल्यांचं चाळीस होतं, हे आम्ही किनाऱ्यावर पाहिलं. पक्षी दाखवायला बांध पुरतो. बूट काढून चाला.

कुळागरातली_ताई

सांग्याहून लिहिते. आमचं कुळागर नेत्रावळीच्या बाजूला. सुपारी, माड, मिरी, जायफळ, केळी. पाणी वरच्या झरीतून पाटानं येतं.

सासऱ्यांचा एक नियम होता, झरीच्या वरच्या अंगाला कोयता न्यायचा नाही. सुकी काटकीसुद्धा आणायची नाही. त्यांनी त्याला कधी संवर्धन म्हटलं नाही, 'राखणदाराची जागा' म्हणायचे. त्या पट्ट्यात आज धनेश येतात, शेकरू आहेत, रानजायफळाची झाडं आहेत. धनेश फळ खाऊन बी दूर टाकतात, तशी उतरणीवर नवी झाडं उगवली. मे महिन्यात आसपासच्या झरी बारीक होतात तेव्हा आमचा पाट चालू असतो. शेत जगायला वरचं रान लागतं, हे मी रोज डोळ्यांनी बघते.

त्रास नाही असं नाही. माकडं शहाळी पाडतात, शेकरू नारळ पोखरतात, साळिंदर केळीचे कंद उकरतं. शेतकरी आधार निधीतून मिळतं ते मिळतं, पण सगळं भरून निघत नाही. दर वर्षी थोडं त्यांचं, असं आम्ही धरूनच चालतो. हे परवडतं कारण आमच्याकडे मिरी आणि जायफळ आहे, त्यांना माकड हात लावत नाही. ज्याच्याकडे नुसती केळी आहेत त्याला हे असं सांगणं मला जमणार नाही.

तेव्हा दादा, तुमचा डोंगर राखा. काजूच्या मधे उगवणारं रान कापू नका, तेवढं पुरे. लावायला काही लागत नाही. आणि आग लागणार नाही एवढं बघा, उन्हाळ्यात काजूच्या बागेत सुकं गवत पेटतं ते सगळ्यांत वाईट.

पेडणेंकार

ताई, जायफळाच्या सालीचं लोणचं करता का? कृती द्या ना.

कुळागरातली_ताई

करते. वेगळा धागा काढा, तिथे लिहीन. 🙂

खाजनवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. डोकं भिरभिरलं, पण बरंच स्पष्टही झालं.

@वकील_म्हापसा, इन्व्हेंटरी झालेली आहे, तिघांच्या नावे. कूळ नाही.

@मानशीकार, एक आठवलं ते सांगतो. आमची आजी पौषातल्या अवसेला मांगें थापणीला जायची. खाजनातल्या चिखलाची मगर करायची, अंगावर खुबे खोचायचे, पूजा करायची. लहानपणी वाटायचं, मगरीची भीती म्हणून करतात. तुम्ही लिहिलेलं वाचून आता वाटतं, बांधाच्या आत-बाहेर जे जे राहतं त्या सगळ्यांशी केलेला करार असावा तो.

मानशीकार

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेतच. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात, ज्या पोंयीत मगर असते तिथे चोरून जाळं टाकायला कुणी धजत नाही. राखणदाराचा पगार वाचतो!

थापणी अजून होते का तुमच्या गावात?

खाजनवाट

होते. दोन-तीन घरं करतात. मी गेली कित्येक वर्षं गेलो नाही, यंदा जाणार.

दिवाडीची_सून

वाचनमात्र असते, पण एक अनुभव. आमच्याकडे मानशीचा लिलाव घेणारा जास्त मासळीसाठी दारं उघडी धरून खारं पाणी आत घेत होता. भातापेक्षा सुंगटांना पैसा जास्त, त्यामुळे असं बऱ्याच ठिकाणी होतं. शेतकऱ्यांच्या संघटनेनं लिलावाच्या अटींतच लिहून घेतलं: लावणी ते कापणी दारं उघडी ठेवायची नाहीत, बारीक विणीचं जाळं लावायचं नाही, पोंयीत विष किंवा स्फोटक वापरलं तर लिलाव रद्द. बारीक मासळी राहिली, पाणमांजरंही दिसू लागली. यासाठी कुठलीही अधिसूचना लागली नाही. संघटनेच्या सभेत चार बायका हट्टानं बसल्या एवढंच.

पक्षीवेडी_मडगाव

@दिवाडीची_सून, किती महत्त्वाचं लिहिलंत! पाणमांजरं जाळी फाडतात म्हणून लोक चिडतात, त्यावर काही केलंत?

दिवाडीची_सून

फाडतात, खरं आहे. मानशीच्या जाळ्याला रात्रभर सोडून जात नाहीत आता, ओहोटीच्या वेळेपुरतं माणूस बसतो. नुकसान कमी झालं. पूर्ण थांबलं नाही.

सत्तरीचो_गडी

हे बघून वाटतं, गोव्यात राखण्याची रीत आधीपासून आहे. बांबरची निरंकाराची राय (देवराई) कुणा अधिकाऱ्यानं राखली नव्हती, गावानं राखली. माझं मूळ म्हणणं तेच होतं. फक्त एक भर घालतो. आज जमिनीचे भाव असे आहेत आणि नगरनियोजन कायद्यातली ३९-अ सारखी (जमिनीचा झोन बदलू देणारी) कलमं अशी आहेत की नुसत्या रीतीवर डोंगर टिकेल याची मला खात्री नाही. कागदाला विरोध करणारा मीच हे लिहितोय, पण डोंगरापुरता कागद करावा असं मला आता वाटतं.

वकील_म्हापसा

सहमत. डोंगर ३६-सी साठी विचारात घ्या, खाजन बाहेर ठेवा. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत दोन्हींची नोंद मात्र करून घ्या. उद्या कुणी भरावाला आलं तर 'इथे काय होतं' याचा तो लेखी पुरावा असतो.

आणि तिवराच्या रोपांना परस्पर हात लावू नका. खारफुटीला किनारी नियमनाचं आणि १९८४ च्या वृक्ष कायद्याचं संरक्षण आहे. आधी संघटनेमार्फत कृषी आणि वनखात्याला लिहा, मग काय ते.

खाजनवाट

बहिणींशी काल बोललो. असं ठरतंय.

डोंगर सोडायचा. काजू आहेत ते राहतील, बाकी कोयता बंद. ताईंनी सांगितल्याप्रमाणे डिसेंबरात कडेनं गवत कापून आगपट्टा काढायचा. ३६-सी चा अर्ज करायला पुण्याची बहीण लगेच तयार आहे, मडगावच्या भावोजींना वेळ हवा आहे. तो द्यायला हवा.

खाजन पड ठेवायचं नाही. शेजारचे एक काका अजून शेती करतात, त्यांना यंदा आमचंही शेत करायला विचारलं. खंड नको म्हटलं. अटी दोनच: औषध मारायचं नाही, आणि कापणीनंतर खुंट जाळायचे नाहीत, पाणी राहील तेवढं राहू द्यायचं. ते म्हणाले, कोरगुट लावतो, खाऱ्याला तोच टिकतो आणि त्याला औषध लागतंच कुठे. पोंयीकडचा जो तुकडा तिवरानं धरलाय तो तसाच राहील, पाणमांजरांसाठी. बांध मात्र त्या तुकड्याच्या कडेनंही दुरुस्त करायचा, तो खर्च आम्ही तिघं करू.

@मानशीकार, तुम्ही एकदा बांध बघायला याल का? आतल्या अंगाला एका जागी चिखल खचलेला दिसतो, ती कुर्लीची भोकं की आणखी काही, मला कळत नाही.

मानशीकार

येतो की. ओहोटीची वेळ बघून कळवा, भरतीला काही दिसायचं नाही. आणि काकांना सांगा, कोरगुटाचं बी आत्ताच बोलून ठेवा, मिरगाच्या तोंडावर मिळत नाही.

दिवाडीची_सून

बी आमच्याकडे थोडं आहे. लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.